खालची बांधी आणि एक इंग्रजी शब्द

मी चौथी पास आहे. पाचवीची शाळा नाल्याच्या पल्याड होती आणि आमच्या म्हशी अल्याड, म्हणून शिक्षण तिथंच थांबलं. हे आधीच सांगून ठेवतो. पुढं मी एका इंग्रजी शब्दाबद्दल बोलणार आहे, तेव्हा कोणाला हसायचं असेल तर त्यानं आताच हसून घ्यावं.

अंक काढणारी मंडळी घरी आली आणि म्हणाली, "दसरूजी, तुमच्या नोकरीतल्या आठवणी लिहा." मी म्हणालो, माझ्या आठवणी म्हणजे चिखल. पण एक गोष्ट पोटात बसून आहे, ती लिहू देत असाल तर लिहितो. माझी सून मोबाईलवर टाइप करून देऊन राहिली आहे. तिच्याशी करार केला आहे की शुद्धलेखन तिचं आणि शब्द माझे. शब्द बदलला की काय होते ते ह्या घरानं पाहिलं आहे.

माझी नोकरी धानाच्या एका सरकारी फार्मवर झाली. फार्मचं नाव लिहीत नाही. हुद्दा पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत 'मजूर'. पण ह्या मजुराचं काम काय, ते बाहेरच्या माणसाला माहीत नसते. लोक बसमधून जाताना आमच्या बांध्या पाहत आणि म्हणत, सरकारची शेती मजेत आहे, जागोजागी पाट्या लावून ठेवल्या आहेत. बांधी म्हणजे चारी बाजूंनी धुरा, म्हणजे मातीचा बांध, घातलेला धानाचा तुकडा. आणि त्या पाट्या म्हणजे माझी अर्धी नोकरी.

प्रयोगाची शेती म्हणजे धानाची परीक्षा. नवीन धान आलं की त्याला नाव नसते, नंबर असतो. तो नंबर पाकिटावर, मग पऱ्ह्यांच्या म्हणजे कोवळ्या रोपांच्या वाफ्यावर, मग रोवणीच्या म्हणजे लावणीच्या वेळी प्रत्येक जुडीवर, मग बांधीतल्या खुंटीवर, मग कापलेल्या भाऱ्यावर, मग पोत्यावर. एवढ्या ठिकाणी तो नंबर माझ्या हातून जायचा. एका ठिकाणी चुकला की पुढं साहेब लोक कितीही गणित करोत, ते गणित भलत्याच धानाचं. आणि एक धान एकाच जागी लावायचं नसते. ह्या कोपऱ्यात थोडं, त्या कोपऱ्यात थोडं, चार जागी वाटून लावायचं. परीक्षेत एका पोराला झाडाखाली बसवलं आणि दुसऱ्याला उन्हात बसवलं, तर पहिला नंबर पोराचा की झाडाचा? एवढं समजायला चौथी पुरते.

लोक मजेदार यायचे. दवनीवाड्याकडचे एक म्हातारे शेतकरी दर वर्षी फार्म पाहायला यायचे आणि जाताना दोन-चार लोंब्या धोतराच्या सोग्यात बांधून न्यायचे. मी पाहायचो, बोलायचो नाही. एका वर्षी राहवलं नाही. म्हणालो, "बाबाजी, चोराचं तं पाटी वाचून चोरा. तुमी नेऊन राहिले ते नापास झालेलं धान आहे." म्हातारबुवांनी सोगा सोडला, लोंब्या माझ्या हातावर ठेवल्या आणि म्हणाले, "मंग पास झालेलं कोन्या बांधीत हाये, ते दाखव." मी दाखवलं. ते माझ्या नोकरीत बसत नव्हतं, पण दाखवलं.

आता एक चूक सांगतो, कारण पुढच्या गोष्टीसाठी ती पाहिजे. नोकरीला लागल्यावर तिसऱ्या-चौथ्या वर्षी माझ्या हातून दोन पाकिटं एका वाफ्यात पडली. नऊ नंबर आणि सहा नंबर. आकडे इंग्रजी, आणि मी पाकीट उलटं धरलं होतं. कोणी पाहिलं नव्हतं. पऱ्हे उगवले असते तरी कोणाला कळलं नसतं. संध्याकाळी घरी जायच्या आधी मी त्या वेळच्या साहेबांपुढं उभा राहिलो आणि सांगितलं, साहेब, दोन धानं मिसळली. साहेबांनी तोंडभर ऐकवलं आणि वाफा मोडायला लावला. त्या दिवसापासून मी नऊच्या आणि सहाच्या खाली आडवी रेघ मारू लागलो. नंतर सगळं फार्म मारू लागलं. तर असा मी. चुकलो तर सांगणारा माणूस आहे.

आता मुख्य गोष्ट. माझ्या नोकरीची दोनच वर्षं उरली होती. त्या पावसाळ्यात मोठ्या साहेबांना शेतकरी मेळाव्यासाठी एक मोठं प्रात्यक्षिक लावायचं होतं. एका बांधीत आमचं नवीन धान, नंबर सतरा. दुसऱ्या बांधीत लोक नेहमी लावतात ते जुनं धान. म्हणजे लोकांनी रस्त्यावरून दोन्ही पाहावं आणि सतरा नंबरची वाहवा करावी. साहेब धुऱ्यावर उभे राहिले आणि हातानं दाखवलं. खालच्या बांधीत सतरा, वरच्या बांधीत जुनं.

खालची बांधी तलावाच्या पाळीला लागून आहे. कन्हार माती, काळी, जड, पाणी धरून ठेवणारी. पाळीच्या खालून पाझर येत राहते. वरची बांधी बरड. पाऊस गेला की आठ दिवसांत तिला भेगा पडतात. धान निसवून दाणा दुधावर येतो, तेव्हाच नेमका आमच्याकडचा पाऊस पाठ फिरवते. त्या वेळी खालच्या बांधीत ओल असते आणि वरचीत नसते. हे मला माहीत होतं, तिथं चरणाऱ्या बगळ्यालाही माहीत होतं.

मी म्हणालो, "साहेब, हे बांधी खालून पाझरते. ह्या दोघींची बरोबरी नाई होत."

साहेब म्हणाले, "दसरू, मेळावा मला घ्यायचा आहे की तुला? तू खुंट्या गाड."

मी खुंट्या गाडल्या. एकदाच बोललो आणि गप्प बसलो, ह्याचं मला वाईट वाटते. जगाशी हट्ट करणारा माणूस मी, आणि जिथं हट्ट करायचा होता तिथं खुंटी आणि हातोडा उचलला. रोवणीच्या बायांची म्होरकी जनाबाई, तिनं चिखलातून मान वर करून माझ्याकडं पाहिलं. तिलाही खालची बांधी माहीत होती. ती म्हणाली, "काऊन गा दसरूभाऊ, आज तोंडाले कुलूप लावलं का?"

धान पिकलं. सतरा नंबर खांद्याएवढं झालं, लोंब्या दाण्याच्या भारानं वाकल्या. वरच्या बांधीतलं जुनं धान गरिबासारखं उभं. मेळावा झाला. साहेब बोलले, फोटो निघाले, लोक सतरा नंबरचं बियाणं मागू लागले.

रोवणी झाल्यावर फार्मवर एक नवीन मॅडम आल्या होत्या. साताऱ्याकडच्या, वयानं माझ्या धाकट्या पोरीएवढ्या, शिक्षण मात्र दांडगं. त्यांची सवय अशी की प्रत्येक गोष्टीला "असं का?" विचारायचं. महिनाभरात आमच्यात राहून त्या "काऊन?" म्हणायला लागल्या. कापणीच्या आधी त्यांनी मला विचारलं, "दसरूजी, दोन धानांत एवढा फरक काऊन?"

मी म्हणालो, "मॅडम, चपला काढा."

त्यांनी काढल्या. आधी वरच्या बांधीत चालवलं. भेगांत बोटं अडकत होती. मग खालच्या बांधीत नेलं. त्या दोन पावलं चालल्या आणि थांबल्या. पायाखाली गार. त्यांनी खाली वाकून मातीत हात घातला आणि वर तलावाच्या पाळीकडं पाहिलं. मग म्हणाल्या, "हे मला अहवालात लिहावं लागेल."

मी म्हणालो, "लिहा. लिहाले तं तुमाले आणलं सरकारनं."

त्यांनी लिहिलं. इंग्रजीत लिहिलं. अहवाल साहेबांच्या टेबलावर ठेवून त्या सहा महिन्यांच्या ट्रेनिंगला दुसऱ्या राज्यात गेल्या. आणि इकडं माझ्यामागं शुक्लकाष्ठ लागलं.

झालं असं की जिल्ह्याच्या मीटिंगसाठी त्या अहवालाचा मराठीत सारांश पाहिजे होता. तो ऑफिसातल्या बडेबाबूंनी, म्हणजे मोठ्या कारकुनांनी, केला. बडेबाबू गोंदिया शहरातले, हिंदीत विचार करणारे, मराठी टाइप करणारे आणि इंग्रजी मोबाईलला विचारणारे. माणूस वाईट नव्हता. मॅडमच्या अहवालात एक शब्द होता, 'कन्फाऊंडेड'. मोबाईलनं सांगितलं, गोंधळलेले. बडेबाबूंनी वाक्य जुळवलं, 'सदर प्रात्यक्षिकात दोन वाणांबाबत गोंधळ झाल्याचे आढळून आले.' मीटिंगमध्ये वरच्या अधिकाऱ्यानं विचारलं, गोंधळ कोणी केला? आता मराठीत गोंधळ म्हटला की तो करणारा माणूस लागतो. साहेबांना उत्तर द्यायचं होतं. खुंट्या कोणी गाडल्या? मी. पाट्या कोणी लावल्या? मी. झालं.

मला मेमो मिळाला. 'आपण रोवणीच्या वेळी दोन वाणांबाबत गोंधळ केल्याचे अहवालावरून दिसून येते. तरी लेखी खुलासा करावा.' खुलासाही त्यांनीच टाइप करून ठेवला होता. 'माझ्या हातून नजरचुकीने गोंधळ झाला, यापुढे असे होणार नाही.' खाली माझं नाव आणि सहीला रिकामी जागा.

मी म्हणालो, "साहेब, मी गोंधळ केला नाई."

साहेब म्हणाले, "मी कुठं म्हणतो? मॅडमच्या अहवालात आहे."

ते वाक्य मला लागलं. ज्या बाईला मी चपला काढायला लावून बांधी दाखवली, तिनंच माझ्यावर गोंधळ लिहिला? मी अहवाल पाहायला मागितला. साहेबांनी पान उघडून बोट ठेवलं. पाट्यांमुळं इंग्रजी अक्षरं मला ओळखता येतात. मी तो शब्द एक एक अक्षर करून बिडीच्या पाकिटावर उतरवून घेतला.

बडेबाबू मला व्हरांड्यात घेऊन गेले. "अरे दसरूजी, साइन मार दो, बात खतम. तुम्हारा कुछ बिगड़ेगा नहीं."

"माझं नाव बिघडते."

"नाम का क्या है, फाइल में दब जाएगा."

"म्हणूनच नाई करत. दबलेला कागद कोन काढते मंग?"

"अच्छा, नागरा चलो. महादेव के सामने कसम खा लो कि तुमने नहीं किया, मैं साहब को बोल दूँगा."

मी म्हणालो, "बाबू, महादेवाले कायले तकलीफ देता? तो रोवणीच्या वेळी बांधीत होता का? जनाबाई होती. तिले विचारा." जनाबाईला कोणी विचारलं नाही.

संध्याकाळी बिडीचं पाकीट घेऊन मी शाळेच्या गुरुजींकडं गेलो. गुरुजी भले माणूस, त्यांच्याकडं जाड शब्दकोश आहे. त्यांनी चष्मा लावला, पानं उलटली आणि वाचलं. गोंधळात टाकणे, भांबावून सोडणे, घोटाळा करणे. मी विचारलं, "अजून काई?" गुरुजी म्हणाले, "अजून एक आहे, पण ती शिवी आहे." मी म्हणालो, ती पण वाचा. त्यांनी वाचली. तीच बरी वाटली मला, निदान शिवीला खुलासा द्यावा लागत नाही.

म्हणजे मोबाईल तेच म्हणे, शब्दकोश तेच म्हणे, गुरुजी तेच म्हणत. घरी आलो. बायकोनं विचारलं, "काय निघालं?" मी सांगितलं. ती थोडा वेळ तांदूळ निवडत राहिली. मग म्हणाली, "तुमचा हात थरथरते आता. झाला असन चुकून. सही करून टाका ना जी. दोन वर्षं तं राहिली."

तीस वर्षं जिच्या घरात मी राहिलो ती बाई असं म्हणते, तेव्हा माणसाला स्वतःचीच शंका येते. मी त्या दिवसाचा रोवणीचा सगळा कारभार मनात पुन्हा लावला. पाकीट, वाफा, जुडी, खुंटी. कुठंही चूक सापडली नाही. दुसऱ्या दिवशी मी बायकोला म्हणालो, "सहा आणि नऊच्या वेळी मी स्वतःहून सांगतलं. ह्या वेळी केलं असतं तं ह्या वेळीबी सांगतलं असतं. तुमी तांदूळ निवडा." तिनं तीन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं.

मी सही केली नाही. खुलाशात एकच ओळ लिहून दिली, माझ्या अक्षरात. 'मी गोंधळ केला नाही, धान बदलले नाही, बांधी पाझरते.' साहेबांना वाटलं मी चेष्टा करून राहिलो. त्यांनी मला बांध्यांवरून काढलं आणि फाटकावर बसवलं. कोण आला, कोण गेला, त्याची नोंद करायची. खुंट्या गाडायला दुसरा माणूस लावला. तो नऊ आणि सहाच्या खाली रेघ मारत नव्हता. मी फाटकातून ओरडून सांगायचो.

इथं माझी दुसरी चूक. मॅडमला फोन करता आला असता. जनाबाईकडं त्यांचा नंबर होता, तिनं दोनदा म्हटलं, "लाव ना फोन, दसरूभाऊ." मी म्हणालो, "तिनं लिहिलं, तिनं निस्तरावं. मी कायले फोन लावू?" सहा महिने मी त्या पोरीला मनातल्या मनात शिव्या दिल्या. एकदा तिचा स्वतःहून फोन आला, जनाबाईच्या मोबाईलवर, माझी खुशाली विचारायला. जनाबाईनं मोबाईल माझ्यापुढं धरला. मी मान फिरवली. त्या वेळी कानाला लावला असता तर सहा महिने वाचले असते. पण माझी मान एकदा फिरली की लवकर सरळ होत नाही, तेव्हाही नव्हती आणि आताही नाही.

मृगाच्या सुमाराला मॅडम परत आल्या. कोहमाऱ्याला बस सोडून कोणाच्या तरी गाडीनं फार्मवर आल्या आणि फाटकावर मला पाहून थांबल्या.

"दसरूजी, तुम्ही इथं काऊन?"

मी रजिस्टर पुढं केलं. "नाव लिहा, येन्याचं कारण लिहा."

त्या हसल्या, मग माझं तोंड पाहून हसायच्या थांबल्या. मी खिशातून बिडीचं पाकीट काढलं. सहा महिने ते खिशात होतं, अक्षरं पुसट झाली होती. "हा शब्द तुमचाच ना? तुमी माह्यावर गोंधळ लिहिला. मी तुमाले बांधी दाखवली, अन् तुमी मले दाखवून देल्लं."

त्यांनी पाकीट वाचलं, मला वाचलं आणि पर्स खाली ठेवून फाटकाच्या दगडावर बसल्या. "अहो, हे तुमच्याबद्दल नाहीच. कोणत्याच माणसाबद्दल नाही."

मग त्यांनी सांगितलं. तो शब्द बाजारात एका अर्थानं चालतो आणि त्यांच्या शास्त्रात दुसऱ्या. बोलण्याच्या इंग्रजीत त्याचा अर्थ गोंधळवणं. पण शास्त्रात, जेव्हा एका परिणामाला दोन कारणं असतात आणि ती एकमेकांत अशी अडकतात की कोणाचं काम किती ते वेगळं करता येत नाही, तेव्हा तोच शब्द वापरतात. सतरा नंबर चांगलं आलं ते बियाण्यानं की बांधीनं, हे ह्या प्रात्यक्षिकावरून सांगता येत नाही, एवढंच त्यांनी लिहिलं होतं. म्हणजे माझंच म्हणणं. मी जे धुऱ्यावर उभं राहून साहेबांना म्हणालो होतो तेच, इंग्रजीत.

मला आधी हसू आलं, मग राग आला. म्हणालो, "एकच शब्द दोन कामाले कायले ठेवला त्याइनं? आम्ही दोन धानाले एक पाटी लावत नाई."

त्या म्हणाल्या, "मराठीत काय म्हणू मी ह्याला? गोंधळ नको, तर काय?"

मी विचार केला. वाफ्यातून उपटलेले पऱ्हे दोन दिवस पाण्यात पडून राहिले की दोन जुड्यांच्या मुळ्या एकमेकांत जातात. वरून पाहिलं तर पाती वेगळी दिसतात, खाली मात्र कोणती मुळी कोणाची ते कळत नाही. त्यात रोवणाऱ्या बाईचा दोष नसतो. दोन जुड्या एकाजवळ एक ठेवणाऱ्याचा असतो. मी म्हणालो, "मॅडम, याले गुंता म्हनतात. गोंधळ मानसाच्या डोक्यात होते. गुंता बांधीत होते."

त्यांनी बिडीच्या पाकिटाच्या मागं लिहून घेतलं. पाकीट त्यांनीच ठेवून घेतलं.

मग आम्ही दोघं साहेबांच्या खोलीत गेलो. मॅडमनी समजावून सांगितलं. साहेब ऐकत राहिले. त्यांना समजलं, ते मला त्यांच्या कानांवरून दिसलं, लाल झाले होते. पण म्हणाले, "ते सगळं ठीक आहे मॅडम, पण सतरा नंबर चांगलंच आहे, बांधी काहीही असो."

मी म्हणालो, "मंग दोन्ही बांध्या मधातून तोडू. खालचीत अर्धं सतरा, अर्धं जुनं. वरचीत अर्धं सतरा, अर्धं जुनं. धुरा मी घालतो."

साहेबांना नाही म्हणता आलं नाही. मॅडम समोर होत्या. मी फाटकाचं रजिस्टर बडेबाबूंच्या टेबलावर ठेवलं आणि बांधीत उतरलो.

त्या वर्षी मी आणि जनाबाईच्या बायांनी जी रोवणी केली तशी आयुष्यात केली नव्हती. प्रत्येक जुडीवर पाटी. दोन्ही बांध्यांत मधोमध धुरा. जनाबाई चिखलातून ओरडायची, "दसरूभाऊ, माही मुळी कोनाच्या मुळीत तं नाई ना गेली?" आणि बाया हसायच्या. पण हसता हसता दोनदा पाहून घ्यायच्या.

पाऊस नेहमीसारखा दुधावर पाठ फिरवून गेला. कापणी झाली, भारे वेगवेगळे चुरले म्हणजे मळले, पोती वेगळी, वजनं मॅडमच्या समोर. खालच्या बांधीत दोन्ही धानं मस्त. वरच्या बांधीत दोन्ही सुकट. सतरा नंबर जुन्यापेक्षा जरासं सरस निघालं, तेवढं मी मान्य करतो. धान वाईट नव्हतं. पण मेळाव्यात जो फरक लोकांनी पाहिला, तो बहुतेक तलावाच्या पाळीचा होता. मॅडमनी दुसरा अहवाल लिहिला आणि मराठी सारांश ह्या वेळी स्वतः केला. त्यात 'गुंता' हा शब्द आहे. 'बांधीतील फरक मजूर दसरूजी यांनी रोवणीपूर्वीच निदर्शनास आणून दिला होता' असंही आहे. बडेबाबूंनी ते टाइप केलं आणि मला म्हणाले, "दसरूजी, अब मोबाइल से नहीं पूछूँगा, तुमसे पूछूँगा."

घरी बायकोला मी ते वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मले माहीतच होतं." नागऱ्याला ती सहा महिने सोमवार करून राहिली होती, ते मला नंतर कळलं.

राहिला तो मेमो. मी साहेबांना म्हणालो, "दोन ओळी लिहा. मेमो चुकीचा होता, मागे घेतला." साहेब म्हणाले, "अहवालात आलं ना सगळं." मी म्हणालो, "अहवाल धानाच्या फायलीत जाते. मेमो माह्या फायलीत आहे." ते बघू म्हणाले. बघू म्हणता म्हणता माझा शेवटचा दिवस आला.

निरोपाचा कार्यक्रम बियाण्याच्या गोदामात झाला. सगळे होते. साहेबांनी माझ्याबद्दल चांगलं बोलून शाल उचलली. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "साहेब, आधी कागद."

"कोणता कागद?"

"दोन ओळीचा."

मागून जनाबाई म्हणाली, "द्या ना साहेब. दोन ओळी लिहाले किती वेळ लागते? आमी थांबतो."

साहेब म्हणाले, "दसरू, ते प्रकरण संपलं आहे."

"तुमच्याकडून संपलं असन."

साहेबांनी शाल हातात धरून ठेवली, मग खुर्चीच्या पाठीवर टाकली. लोक मला म्हणाले, घे ना, शालीचा काय दोष. मी घेतली नाही. नारळ मात्र घेतला. बायकोला नागऱ्याला फोडायचा होता, आणि नारळावर काही लिहिलेलं नव्हतं. मॅडम फाटकापर्यंत सोडायला आल्या. त्यांचा फोन घेतला नाही त्याबद्दल मी त्यांना काही म्हणालो नाही. म्हणायला पाहिजे होतं. ते इथं म्हणतो. मॅडम, चूक माझी होती. आणि त्या दिवशी म्हणालो नाही ही माझी तिसरी चूक, मोजदाद माझ्याकडं पक्की आहे.

आता फार्मवर नवीन साहेब आले आहेत. जनाबाई अजून रोवणीला जाते, ती सांगते की खुंट्या गाडायच्या आधी आता बायाच विचारतात, "गुंता तं नाई ना होऊन राहिला?" आणि नवीन साहेब धुऱ्यावर उभे राहून दोन्ही बांध्यांची माती हातात घेऊन पाहतात. परवा त्यांचा मला फोन आला. "दसरूजी, कपाटात तुमच्या नावाची एक शाल पडून आहे. घेऊन जा."

मी म्हणालो, "त्याच कपाटात माह्या नावाची फाईल आहे साहेब. आधी ते वाचा. मंग दोन ओळी लिहा, अन् शाल त्याच्यासोबत पाठवा."

ते म्हणाले, वाचतो. वाचून राहिले असतील. एका कागदावर गोंधळ आहे, दुसऱ्यावर गुंता आहे, दोन्हींवर माझं नाव आहे. थंडी पडायला लागली आहे, पण माझ्याकडं घोंगडी आहे. मी घरीच आहे.